निकालाच्या दिवशीची बातमी: कामाची, पण अर्धीच

दिवाणी दाव्यांच्या बातम्यांकडे एक सेवा म्हणून पाहिलं, तर निकालाच्या संध्याकाळी ती चोख चालते. कोण जिंकलं, ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, किती आकडा लिहिला, हे तासाभरात हाती पडतं. खरी गरज त्यानंतर लागते, आणि तेव्हा ही सेवा बहुधा बंद असते.

अमेरिकेतला मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा दावा घ्या. लोकांच्या डोक्यात बसलेली गोष्ट अशी की, गाडी चालवताना एका बाईने कॉफी सांडली आणि लाखो डॉलर खिशात घातले. प्रत्यक्षात ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक चालकाशेजारी बसल्या होत्या आणि गाडी उभी होती. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियसला ठेवायची हा कंपनीचाच नियम होता. १९९२ च्या त्या घटनेत ६ टक्के त्वचा खोलवर भाजली, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, त्वचारोपण झालं. त्यांनी आधी २०,००० डॉलर मागितले, कंपनीने ८०० देऊ केले. त्या घटनेआधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या, हे सुनावणीत पुढे आलं.

१९९४ मध्ये ज्युरीने २ लाखांची भरपाई ठरवली, त्यातून वादीची २० टक्के चूक वजा केली आणि वर २७ लाख दंडात्मक भरपाई, म्हणजे कंपनीला शिक्षा म्हणून वेगळी रक्कम, लावली. हा आकडा हवेतला नव्हता. कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीएवढा होता. न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला, एकूण ६ लाख ४० हजार उरले. पुढे गुप्त तडजोड झाली. आजही लोकांच्या तोंडी २७ लाखच आहेत.

बिघाड घडणीतच आहे. बातमी वजनदार ओळीपासून हलक्या ओळीकडे लिहिली जाते आणि जागा कमी पडली की खालून कापली जाते. तापमान, जुन्या तक्रारी, वादीचा दोष हे तळाशी असतं, म्हणून तेच आधी जातं. रक्कम कमी झाल्याची बातमी आली तरी आतल्या पानावर चार ओळी. तडजोड गुप्त असेल तर तेवढ्याही नाहीत.

निवडीचा दोष मला याहून मोठा वाटतो. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या सांख्यिकी विभागाने २००५ मधले राज्य न्यायालयांतले दिवाणी खटले तपासले. सुनावणीपर्यंत पोचलेल्यांपैकी ५६ टक्क्यांत वादी जिंकला होता आणि जिंकलेल्यांना मिळालेल्या रकमेचं मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २८,००० डॉलर होतं. दंडात्मक भरपाई जिंकलेल्यांपैकी फक्त सुमारे ५ टक्क्यांना मिळाली. पण २८,००० चा मथळा कोण करणार? त्यामुळे दावा म्हटलं की लॉटरी, अशी समजूत पक्की होते, आणि ज्युरीत बसणारे नागरिक तीच घेऊन येतात.

बातमी हाती आली की आधी क्रियापद बघा. 'मागितले' म्हणजे वादपत्रातला आकडा. ती एका बाजूची मांडणी, सिद्ध झालेली नाही. 'ज्युरीने दिले' म्हणजे न्यायाधीशांची कात्री अजून बाकी. 'मिळाले' हा शब्द अपील संपल्याशिवाय मानू नका. मग भरपाई आणि दंडात्मक रक्कम वेगळी दिली आहे का ते पाहा; दोन्ही एकत्र करून छापली असेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मूळ कागद हवा असेल तर अमेरिकेच्या संघराज्य (केंद्रीय) न्यायालयांसाठी पेसर ही कागदपत्रांची ऑनलाइन सेवा आहे: पानाला १० सेंट, बहुतेक दस्तऐवजांना जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर माफ. बांधणी जुनाट, शोध किचकट, तरी पूर्ण निकालपत्र वाचायला मिळतं. राज्य न्यायालयांचे दावे मात्र तिथे नसतात, त्यासाठी त्या त्या न्यायालयाच्या कार्यालयाकडे जावं लागतं. कॉफीचा दावा न्यू मेक्सिकोच्या राज्य न्यायालयातला होता.

निकालाच्या दिवसासाठी पाचपैकी चार, नंतरच्या पाठपुराव्यासाठी एक.