जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कॉम्प्रेसर फ्रिज: 30 ते 35 लिटरच्या मापाचा रिव्ह्यू

शुक्रवारी संध्याकाळी प्रदर्शनाच्या मैदानावर पोचायचं, गाडीमागे तंबू ठोकायचा आणि रविवारी दुपारी निघायचं. अशा चार-पाच मित्रांच्या टोळीला 12 व्होल्टवर चालणारा 30 ते 35 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज कितपत कामाचा, एवढंच इथे बघायचंय. कंपन्या अनेक आहेत, पण आतला मामला बराचसा सारखाच: छोटा कॉम्प्रेसर, त्याला चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि भोवती फोमच्या भिंती. सेकॉपचा (2010 पर्यंत डॅनफॉसचा) बीडी35एफ हा यातला सगळ्यात मुरलेला कॉम्प्रेसर. खालची व्होल्टेजची, वायरीची आणि दिव्याची माहिती त्याचीच आहे.

निकाल आधीच सांगतो. फ्रिज म्हणून वस्तू उत्तम. मात्र तो जुन्या गाडीच्या बॅटरीवर चालवायचा विचार असेल तर घेऊच नका. फ्रिज आणि त्याची स्वतःची बॅटरी मिळून एकच खरेदी धरायची.

आधी चांगलं ते. बाहेर 35 अंश असले तरी आत 4 अंश टिकतात. दूध, मांस, इन्सुलिनसारखी औषधं यांना हेच लागतं. चालू असताना कॉम्प्रेसर साधारण 4 अँपियर खातो, पण सावलीत ठेवलेला आणि आधीच गार केलेला फ्रिज तासातली वीस-पंचवीस मिनिटंच चालतो. दिवसाचा हिशोब 35 ते 40 अँपियर-तासांवर (अँपियर गुणिले तास) येतो. बंद तंबूत किंवा उन्हातल्या डिकीत ठेवलात तर दुपारी तो जवळजवळ थांबतच नाही आणि दिवसाचा हाच आकडा सहज दीडपट होतो. मैदान उतरतं असलं तरी फारसं बिघडत नाही, 30 अंशांपर्यंतचा कल तो चालवून घेतो. वाटेत आडवा झाला असेल तर मात्र उभा करून काही तास थांबा. कॉम्प्रेसरमधलं तेल परत खाली यायला तेवढा वेळ लागतो.

आता दुखणं. साठच्या दशकातल्या मध्यम गाडीची बॅटरी 40 ते 50 अँपियर-तासांची असते. ती सेल्फ मारायला बनवलेली, हळूहळू रिकामी व्हायला नव्हे. 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी आणि 12.0 म्हणजे पाव. फ्रिजचं मूळ सेटिंग 10.4 व्होल्टला बंद होण्याचं असतं, म्हणजे फ्रिज स्वतःहून थांबेपर्यंत बॅटरी कधीच मेलेली असते. बऱ्याच मॉडेलांवर ही पातळी वाढवता येते, सर्वात वरची सुमारे 11.3 ला. तिथे थांबला तरी थंड पहाटे जड तेलातलं इंजिन फिरवण्याइतका जीव बॅटरीत राहील, याची हमी कोणी देऊ नये. शिवाय बहुतेक प्रदर्शनांत लोक आत असताना गाड्या हलवू देत नाहीत. त्यामुळे मध्येच चक्कर मारून बॅटरी भरून आणू, हा बेतही बाद.

तशीही चक्कर फारशी उपयोगी पडली नसती. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत लुकासचा सी40 डायनॅमो असतो आणि त्याची कमाल 22 अँपियर. तीही इंजिन चांगलं फिरत असताना. आयडलवर तो जवळपास काहीच देत नाही, डॅशवरचा लाल दिवा लुकलुकतो तो म्हणूनच. रात्री हेडलाइट आणि टेललाइट मिळून 10 अँपियर, इग्निशन कॉइलला 3 ते 4, पाऊस असेल तर वायपरला आणखी 3. उरले पाच-सहा. त्यातून गाडीची स्वतःची बॅटरी भरायची की फ्रिज चालवायचा?

काही जण इथे लिथियमची बॅटरी थेट डायनॅमोला जोडून मोकळे होतात. हे करू नका. लिथियमची बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. डायनॅमो तासभर पूर्ण भारावर तापतो, कम्युटेटरवरचं डाखकाम वितळून बाहेर फेकलं जातं आणि कट-आउटचे (डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात. यावर डीसी-टू-डीसी चार्जर मिळतो, पण बहुतेकांची इनपुट आणि आउटपुटची निगेटिव्ह एकच असते. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत, म्हणजे जिथे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं तिथे, तो तसाच बसत नाही.

पॉझिटिव्ह अर्थ हे स्वतंत्र प्रकरण आहे. एमजीबीसारख्या गाड्या 1967 पर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. त्यांत सिगारेट लायटरच्या सॉकेटची कडा पॉझिटिव्ह आणि मधली पिन निगेटिव्ह असते, म्हणजे फ्रिजच्या प्लगच्या नेमकी उलट. सेकॉपच्या कार्डात उलट जोडणीपासून बचाव असतो, त्यामुळे ते जळत नाही, नुसतं गप्प बसतं. सोबत लावलेल्या मोबाइल चार्जरला असं संरक्षण असेलच असं नाही. प्लगमध्ये वायरी उलटवून काम होतं. तेव्हा फ्रिजची किंवा त्याच्या बॅटरीची निगेटिव्ह कुठल्याही धातूतून गाडीच्या बॉडीला लागणार नाही, हे बघावं लागतं, नाहीतर थेट शॉर्ट. 6 व्होल्टच्या गाडीवर तर प्रश्नच मिटतो. इतक्या कमी व्होल्टेजला हा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही.

म्हणून बॅटरी वेगळी. 50 अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे 640 वॉट-तास (अँपियर-तास गुणिले 12.8 व्होल्ट), वजन साधारण 6 किलो. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार या 44 तासांत, रात्रीचा गारवा धरून, फ्रिजला 700 ते 850 वॉट-तास लागतात. तूट घडीच्या 100 वॉटच्या सोलर पॅनेलनं भरून निघते. पॅनेलवर 100 छापलेलं असलं तरी चांगल्या उन्हात हाती 60 ते 70 वॉटच येतात. शनिवारी पाच तास ऊन मिळालं तरी 300 वॉट-तास झाले. पॅनेल नको असेल तर 100 अँपियर-तासांची बॅटरी न्या आणि विसरा. तेवढ्याच क्षमतेची शिशाची एजीएम (सीलबंद प्रकारची) बॅटरी 28 ते 30 किलोंची भरते आणि निम्मीच वापरायची असते. मागचे स्प्रिंग आधीच थकलेल्या गाडीत ती नको.

तयार पॉवर स्टेशन (बॅटरी, चार्जर आणि सॉकेटं एकाच बॉक्समध्ये) घेत असाल तर एक गोष्ट दुकानातच तपासा. बऱ्याच मॉडेलांत वीज वाचवणारा मोड असतो आणि लोड नाही असं दिसलं की काही वेळानं तो 12 व्होल्टचं आउटपुट बंद करतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला की लोड जवळपास शून्यच होतो. बॉक्सला वाटतं काम संपलं. पहाटे तीनला बंद पडलेला फ्रिज सकाळी नऊला कळतो, तोवर दूध गेलेलं असतं. हा मोड बंद करता येत नसेल तर तो बॉक्स फ्रिजसाठी निरुपयोगी समजा. आणि फ्रिज 12 व्होल्टच्या सॉकेटलाच लावा. इन्व्हर्टरमधून चालवलात तर रूपांतरात वीज जातेच, वर इन्व्हर्टर स्वतःही रात्रभर खात बसतो.

वायरिंगमध्ये बहुतेक तक्रारींचं मूळ सापडतं. गाडीतली जुनी लायटरची वायर, गंजलेलं सॉकेट आणि ढिला प्लग यांत मिळून अर्ध्या-पाऊण व्होल्टची गळती सहज होते. 1 चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून पाच मीटर नेली तर 4 अँपियरला 0.7 व्होल्ट वाटेतच पडतात. बॅटरी ठणठणीत असते, पण फ्रिजला ती उतरलेली दिसते. अडीच मीटरपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटर, चार मीटरपर्यंत 4 आणि सहा मीटरपर्यंत 6 हे माप धरा. बॅटरीच्या पॉझिटिव्हलगत 15 अँपियरचा फ्यूज हवाच. लायटरच्या प्लगऐवजी अँडरसन प्लग (जास्त करंटसाठीचा, घट्ट बसणारा) लावला की निम्मी डोकेदुखी संपते. लायटरचा प्लग हात लावून बघा: कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर संपर्क खराब आहे.

फ्रिज बंद पडला की कार्डावरचा छोटा दिवा बघा. काही मॉडेलांत तोच कोड स्क्रीनवर येतो, काहींत मागची जाळी काढावी लागते. दर चार सेकंदांनी एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा तर पंखा जास्त करंट खातोय, तीनदा तर मोटर सुरू होत नाही, चारदा तर मोटरला किमान वेग गाठता येत नाही, पाचदा तर कार्ड तापलंय. मैदानावर बहुतेक एकचा किंवा पाचचा सामना होतो. एकला वायर आणि प्लग तपासा. पाचला फ्रिज सावलीत आणा, जाळीसमोरून सामान हटवा, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा ठेवा आणि अर्धा तास थांबा.

मापाबद्दल दुकानदार सांगत नाहीत ते असं. 35 लिटरचा फ्रिज रिकामा 13 ते 17 किलोंचा आणि साठ सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो. डिकीची खोली मोजून भागत नाही, तोंडाची उंची मोजा. जुन्या गाड्यांच्या डिकीचं तोंड आतल्या जागेपेक्षा अरुंद असतं आणि झाकणाच्या वाकड्या बिजागऱ्या बंद होताना आत शिरतात. फ्रिजचं झाकण डिकीत असतानाच उघडायचं असेल तर वर आणखी तीसेक सेंटिमीटर हवेत. दोन सीटच्या उघड्या गाड्यांत 10 ते 15 लिटरच्या पुढे विचारच नको. टोळीत एखादी इस्टेट (मागे सामानाची मोठी जागा असलेली लांब गाडी) किंवा व्हॅन असेल तर फ्रिज तिच्यात आणि बाकीच्यांनी खुर्च्या-तंबू वाटून घ्यायचे, हेच शहाणपणाचं.

कार्ब्युरेटरच्या गाडीच्या डिकीत पेट्रोलचा वास थोडाफार असतोच. लोणी आणि दूध तो वास चटकन धरतात, म्हणून सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत. पेट्रोलचा कॅन आणि फ्रिज एका डिकीत ठेवायचे नाहीत: लायटरचा प्लग काढता-घालताना ठिणगी उडते आणि वाफ खाली साचते.

पर्यायांचं काय? पेल्टियरचा (कॉम्प्रेसर नसलेला, विजेच्या चकतीनं गार करणारा) स्वस्त कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा जेमतेम 15 ते 20 अंश खाली जातो आणि थर्मोस्टॅटशिवाय अखंड 4 ते 5 अँपियर खातो. दिवसाला शंभरहून जास्त अँपियर-तास घालवून 35 अंशांच्या दुपारी आत 16 अंश. घेऊ नका. गॅसवरचा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज अगदी शांत असतो, पण त्याला सपाट जागा हवी, आणि गॅसवर असताना तंबूत किंवा गाडीत तो चालवायचाच नाही: ज्योत आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे. 12 व्होल्टवर तो 7 ते 8 अँपियर मागतो.

खरा प्रतिस्पर्धी साधी बर्फाची पेटी. एक किलो बर्फ वितळताना 93 वॉट-तास उष्णता शोषतो. जाड भिंतीच्या 40 लिटरच्या पेटीत उन्हाळ्यात दिवसाला सुमारे 300 वॉट-तास उष्णता शिरते, म्हणजे सव्वातीन किलो बर्फ. दोन दिवसांना सात किलो. मग दहा लिटर पेयं गरमच आत टाकलीत तर ती 30 वरून 5 अंशांवर आणायला आणखी तीन किलो जातात. घरून गार करून नेली तर हे तीन किलो वाचतात. दोन रात्रींसाठी, फक्त पेयांसाठी, पेटी सरळ सरळ जिंकते. वीज नाही, आवाज नाही, बिघडायला काही नाही. फक्त सुट्या तुकड्यांचा दहा किलो बर्फ पेटीतले सतरा-अठरा लिटर व्यापतो, आणि वितळलेल्या पाण्यात कच्चं मांस ठेवायची सोय राहत नाही.

चार-पाच जणांच्या टोळीला म्हणूनच एक फ्रिज आणि एक पेटी ही जोडी बसते. पेयं पेटीत, कारण ती दिवसभर उघडत राहणार. दूध, मांस, औषधं फ्रिजमध्ये, आणि त्याचं झाकण स्वयंपाकाच्या वेळीच उघडायचं. गुरुवारी रात्री घरच्या विजेवर फ्रिज बारा तास चालवा, सामान घरच्या फ्रिजमधून थेट त्यात भरा, रिकाम्या जागा पाण्याच्या गार बाटल्यांनी बुजवा. अर्धा रिकामा फ्रिज प्रत्येक वेळी उघडताना गार हवा सांडतो. मैदानावर तो गाडीच्या मागच्या बाजूला, तंबूच्या सावलीत, जमिनीपासून थोडा उचलून ठेवा. पॅनेल बॉनेटवर पसरायचा मोह आवरा. रंगावर बारीक ओरखडे उठतात आणि गाड्या बघायला आलेल्यांना दिसतं ते पॅनेल.

आवाज मध्यम आहे, पण तंबूत डोक्याशी ठेवलेला कॉम्प्रेसर दर थोड्या वेळानं घरघरला की झोपेचं खोबरं होतं. झोपण्याआधी दोन तास फ्रिज 2 अंशांवर ओढून घ्या आणि मग सेटिंग 6 वर करा. पहिले काही तास तो जवळपास गप्प राहतो. 2 च्या खाली नेऊ नका, तळाची भाजी गोठते.

जुना फ्रिज विकत घेताना तो रिकामा लावून 0 अंशांचं सेटिंग द्या. खोली 25 अंशांची असेल तर तासाभरात तो तिथे पोचायला हवा. कॉम्प्रेसर न थांबता चालतोय आणि आकडा 8-10 च्या आसपास अडलाय, तर गॅस गळालेला आहे. तो भरून घेण्याच्या भानगडीत पडू नका, गळती सहसा फोमच्या आत असते आणि तिथे हात पोचत नाही. झाकणाचं रबर तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून झाकण लावा आणि ओढा. सहज निसटली तर रबर बदलावं लागेल. हा भाग बहुतेक कंपन्यांकडे सुटा मिळतो, पण मिळतो की नाही हे पैसे देण्याआधी विचारा.