पायथनमधला लॅम्डा: काही महिने रोज वापरल्यावर

माझं काम म्हणजे सीएसव्ही आणि एक्सेलच्या फायली साफ करून रिपोर्ट काढणं. त्यात गेले काही महिने लॅम्डा, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं एका ओळीचं बिननावाचं फंक्शन, रोज हाताखाली आहे. मत आधीच सांगून टाकतो: सॉर्टिंगला याच्यासारखी सोय नाही, बाकी बऱ्याच ठिकाणी साधं डेफ (नाव देऊन लिहिलेलं फंक्शन) बरं.

निकालाची यादी घ्या. जास्त मार्कवाला वर, मार्क सारखे असतील तर नावाप्रमाणे. सॉर्टेड या फंक्शनच्या 'की'मध्ये, म्हणजे क्रम कशावरून लावायचा ते सांगतो तिथे, लॅम्डा द्यायचा आणि त्यातून उणे मार्क आणि नाव असं ट्युपल (किमतींची जोडी) परत करायचं. झालं, एका ओळीत! उणे चिन्हाऐवजी रिव्हर्स ट्रू (उलटा क्रम) केलं असतं तर नावंही उलटी लागली असती. उणे चिन्ह आकड्यापुढेच चालतं, मजकुरापुढे नाही. मजकूर उलटा हवा असेल तर दोनदा सॉर्ट करा, आधी दुय्यम निकष, मग मुख्य. पायथनचं सॉर्टिंग स्टेबल असल्याने बरोबरीतल्यांचा आधीचा क्रम मोडत नाही. मिन आणि मॅक्सही हीच 'की' घेतात, हे फार जण वापरत नाहीत.

मॅप-फिल्टरमध्ये (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणं, यादीतून निवडणं) लॅम्डा मी जवळपास सोडलाच. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (चौकटी कंसातच फॉर लिहून यादी बनवणं) वाचायला सोपं पडतं. खुद्द पायथनचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी २००५ मध्ये पायथन ३ मधून लॅम्डा, मॅप, फिल्टर, रिड्यूस सगळंच काढायचं सुचवलं होतं. लॅम्डा वाचला, रिड्यूसची रवानगी फंकटूल्स या मॉड्यूलमध्ये झाली.

टीकेइंटरमध्ये (खिडक्या-बटणं बनवायची पायथनची लायब्ररी) फॉर लूपने बटणं करून प्रत्येकाच्या कमांडला लॅम्डा दिला, की कुठलंही बटण दाबा, शेवटचाच नंबर येतो. लॅम्डा व्हेरिएबलची किंमत तेव्हाच साठवत नाही, चालताना बघतो, आणि तोवर लूप संपलेला असतो. पॅरामीटरला तीच किंमत डिफॉल्ट म्हणून दिली की प्रश्न मिटतो. लूपच्या आत डेफ लिहिलं तरी हेच होतं, लॅम्डा उगाच बदनाम आहे.

खरी अडचण मल्टिप्रोसेसिंगची, म्हणजे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटायची. पूलच्या (अशा प्रोसेसच्या गटाच्या) मॅपला लॅम्डा दिला की पिकलिंगची (दुसऱ्या प्रोसेसला पाठवायला बाइट्समध्ये बदलण्याची) एरर ठरलेली, कारण पिकल फंक्शनला मॉड्यूलमध्ये नावाने शोधतं आणि याला नावच नाही. लॅम्डा दिलेला डिफॉल्टडिक्टही (नसलेल्या कीला आपोआप किंमत देणारी डिक्शनरी) पिकल करताना त्याच कारणाने अडतो; शून्यच हवा असेल तर सरळ इंट द्या.

ट्रेसबॅकमध्येही (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या मजकुरात) नुसतं 'लॅम्डा' दिसतं. एका ओळीत तीन असतील तर कुठला फुटला ते शोधत बसा. पायथन ३.११ पासून एररची नेमकी जागा खुणेने दाखवतात, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झालाय.

पांडाजमध्ये (तक्त्यांवर काम करायची लायब्ररी) ॲक्सिस एक ठेवून अप्लायला लॅम्डा देणारे बरेच दिसतात. तो ओळीओळीने चालतो, लाखभर ओळींच्या फाइलला रेंगाळतो. नग आणि दर गुणायचे असतील तर कॉलमला कॉलमने गुणा, लॅम्डाचं तिथे काहीच काम नाही.