समासातली टीप कुणाची? अक्षर जुळवायचं की कागद-शाई तपासायची

माळ्यावर रुमालात बांधलेली पोथी, आणि तिच्या शेवटच्या पानाच्या समासात वेगळ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी: अमक्याने अमक्या शकात ही देवाला वाहिली. गोव्यात फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या घरांतून असं काही ना काही निघतंच. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो अक्षर तज्ज्ञाला दाखवू, दुसरा म्हणतो प्रयोगशाळेत देऊ. माझं म्हणणं, आधी नेमकं काय विचारायचं ते ठरवा. ‘हात कुणाचा’ हे अक्षर सांगू शकतं. ‘केव्हाचा’ हे विचारलंत तर अक्षर फार तर पन्नास-शंभर वर्षांचा पट्टा दाखवेल.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं, हात होता होईल तो न उचलता. बोरू दौतीत बुडाला की पहिली काही अक्षरं गडद, पुढे फिकी होत जातात, मग पुन्हा गडद. खोटं लिहिणारा अक्षराचा आकार गिरवतो, पण हा चढउतार त्याच्या ध्यानात राहत नाही. तो भलत्याच जागी थांबतो, तिथे शाईचा थेंब साचतो, फराट्याचा काठ कापरा होतो. साध्या भिंगाखालीही हे दिसतं. फोटोवर मात्र भरवसा नको, कागद मूळचाच हवा.

अक्षराची खरी अडचण वेगळीच आहे. कारकुनाला वळण शिकवलेलं असे. एका पंतोजीकडे शिकलेल्या दोघांचा ‘क’ सारखा येणारच. मी एका हिशेबवहीतली टीप आणि मूळ मजकूर एकाच हातचा म्हणून छातीठोक सांगून बसलो होतो, ‘क’ आणि ‘र’ तंतोतंत जुळले म्हणून. एका म्हाताऱ्या मोडी वाचकाने वही हातात घेतली आणि एवढंच विचारलं, “जोडाक्षरं पाहिलीस?” नव्हती पाहिली. ती वेगळी होती. तेव्हापासून मी आधी फरक शोधतो, साम्य मागाहून.

दुसरी अडचण नमुन्याची. १९८३ साली जर्मनीत हिटलरच्या म्हणून रोजनिश्या निघाल्या आणि अक्षर जुळल्याचा निर्वाळाही मिळाला, कारण तुलनेला दिलेल्या कागदांतले काही त्याच कोनराड कुयाऊने बनवलेले होते. खोटेपणा उघड केला तो कागदाने: महायुद्धानंतर वापरात आलेलं शुभ्रता आणणारं रसायन त्यात सापडलं. उलट उदाहरणही आहे. फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयात शेक्सपिअरच्या १६२३च्या छापील संग्रहाची एक प्रत आहे. तिच्या समासातल्या खुणा कवी मिल्टनच्या असल्याचं २०१९ साली पुढे आलं, ते मुख्यतः अक्षरावरून. मिल्टनच्या हातचे निर्विवाद कागद शाबूत होते, म्हणून ते जमलं. तुमच्या खापरपणजोबांचे आहेत का? नसतील तर अक्षर कशाशी जुळवणार? नमुना त्याच लिपीतला हवा हेही आलंच. गावकरीचे, म्हणजे गावसंस्थेचे, कागद गोंयकानडी या गोव्याच्या जुन्या लिपीत आणि टीप मोडीत असेल तर ती तुलनाच नव्हे. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं, तिथे मोडी कागदही आहेत. त्या काळचं वळण पाहायला ते उपयोगी पडतील, तुमच्या माणसाचा हात ओळखायला क्वचितच.

आता कागद-शाई. इथे लोकांच्या अपेक्षा फार. कार्बन-१४ चाचणीने साल कळेल असं वाटत असेल तर विसरा. १६५० नंतरच्या वस्तूंना ती इतका लांबरुंद काळ सांगते की कामाचं काही हाती लागत नाही, वर पानाचा तुकडा द्यावा लागतो. पाण्यातली खूण, म्हणजे जलचिन्ह, युरोपी कागदाला असते. गॅलिलिओच्या म्हणून जपलेलं मिशिगन विद्यापीठातलं पान २०२२ साली खोटं ठरलं ते त्यावरूनच: कागद १७७०च्या आधीचा असूच शकत नव्हता. पोर्तुगीज अमदानीतल्या कागदांना हा उपाय छान लागू पडतो. आपल्याकडच्या हातकागदाला अशी खूण बहुधा नसतेच.

शाईचं मात्र पाहावं. मायफळ-हिराकशीची शाई अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात फिकी पडत जाते, काजळाची काळीच राहते. पान न दुखवता दोन शाया वेगळ्या काढता येतात. फक्त त्यावरून साल मिळत नाही, आणि एकाच माणसानेही आयुष्यात दोन शाया वापरलेल्या असू शकतात.

या दोन्हींच्या आधी करायच्या दोन फुकट गोष्टी आहेत, आणि त्याच लोक करत नाहीत. पहिली, संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव; टिपेत शकाबरोबर ते असेल तर दोन्ही जुळतात का पाहा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके १६६१ घेतलं तर १६७३, बाकी ५३, म्हणजे सिद्धार्थी. टिपेत ‘प्रभव’, म्हणजे साठ संपून पुन्हा पहिला, लिहिलं असेल तर संशय घ्या. एखाद्या वर्षाचा फरक चुकीत खपतो, आठांचा नाही. दुसरी, कसरीची भोकं. भोक अक्षर कापून गेलंय, की शाई भोकाच्या काठावर पसरलीय आणि अक्षर वळसा घालून लिहिलंय? वळसा असेल तर आधी कीड लागली, मग लेखणी चालली.

कोर्टाचं काम असेल तर हिशेब बदलतो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर कायद्याने त्याला अनुकूल गृहीत धरता येतं, आणि हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत कोर्ट जपूनच घेतं. म्हणजे पोथी कुणाच्या कपाटात, कुणाकडून कुणाकडे आली, हे लिहून ठेवणं तिथे जास्त मोलाचं. विकायची असेल तर शाईची तपासणी करून घ्या, घेणारा विचारतोच. नुसतं घराण्याचं कुतूहल असेल तर मोडी वाचक, भिंग आणि पंचांग एवढ्यावर भागतं.

माझ्या पुढ्यातल्या पोथीत ‘देवास’मधल्या ‘स’ला मधोमध भोक आहे, कड स्वच्छ कापलेली. टीप किडीच्या आधीची. जोडाक्षरं उद्या पाहीन.