झाकणाचा कोळसा-ग्रिल : इंदूरच्या गच्चीवर हिवाळा आणि उन्हाळा वापरल्यानंतर

दिवाळीनंतर आमच्याकडे 57 सेंटिमीटर व्यासाचा, गोल झाकणाचा कोळसा-ग्रिल आला आणि पूर्ण हिवाळा व उन्हाळा तो गच्चीवर सातत्याने वापरला गेला. वस्तू कशी टिकली, ते पुढे लिहितोच. परंतु तिचा खरा उपयोग मला समजला तो सोबत आलेल्या पुस्तिकेमुळे नव्हे, तर आमच्याच भागातील काही स्वयंपाकवेड्या मंडळींमुळे, जी रविवारी आळीपाळीने एकमेकांच्या गच्चीवर जमतात आणि हातचे काहीही राखून न ठेवता शिकवतात. धुरावर शिजवण्याची विद्या म्हणजे मुख्यतः हवा सांभाळण्याची विद्या आहे, आणि ती जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच अंगवळणी पडते, असे माझे आता ठाम मत आहे.

या आकाराचा ग्रिल 1952 साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी प्रथम बनवला. ते वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करत आणि तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल तयार होत. त्यातूनच खालचे भांडे आणि वरचे झाकण आले. माझा ग्रिल त्या कंपनीचा नाही, पण रचना तीच आहे. तळाशी एक झडप, झाकणावर दुसरी. आमच्यातील एक काका, जे वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, की वरची झडप पूर्ण उघडी ठेवायची आणि आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने. वरची बंद केली, तर धूर आत कोंडतो, त्यातील काजळी आणि कडवट डांबरी द्रव्ये मांसावर बसतात आणि मग कितीही उत्तम मसाला लावला तरी चव सुधारत नाही.

धूर चांगला की वाईट, हे ओळखण्याची त्यांची रीत मी जवळून पाहिली आहे. ते वरच्या झडपेवरून तळहात झटकन फिरवतात आणि नाकाशी नेतात. लाकूड नुकतेच धुमसू लागलेले असते तेव्हा धूर दाट आणि पांढरा असतो, हाताला ओलसर, डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो, आणि काका मान हलवून म्हणतात, ‘‘अजून नाही, थांबा.’’ लाकडाने नीट पेट घेतला, की धूर विरळ होऊन निळसर दिसू लागतो, वास गोड आणि स्वच्छ येतो, आणि त्यानंतरच मांस जाळीवर जाते. हे मी आधी वाचलेले होते. परंतु त्या दोन वासांमधील फरक नाकाला एकदा कळला, तेव्हा वाचलेल्याचा अर्थ लागला.

कोळशाबद्दलही असेच. बाभळीचा ओबडधोबड कोळसा सीख कबाबासाठी उत्तम, कारण तो लवकर आणि प्रखर पेटतो. संथ शिजवण्यासाठी मात्र नारळाच्या करवंटीच्या, एकसारख्या आकाराच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या, घ्याव्यात. त्या भांड्याच्या कडेने अर्धवर्तुळात, दोन खाली आणि दोन वर अशा रांगेत मांडायच्या आणि एकाच टोकाला थोडे पेटलेले निखारे ठेवायचे. आग रांगेतून हळूहळू पुढे सरकते आणि 110 ते 120 अंश सेल्सियस तापमान कित्येक तास टिकते. रांगेवर अंतराअंतराने आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळलेल्या लाकडाचे तुकडे ठेवायचे. लाकडाच्या वखारीत हे सहज मिळतात, परंतु लाकूड चांगले वाळलेले आहे ना, एवढे पाहून घ्यावे. तुकडे पाण्यात भिजवण्याची पद्धत आमच्या मंडळींनी सोडून दिली आहे; पाणी लाकडाच्या आत फारसे मुरत नाही आणि नंतर केवळ वाफ होऊन उशीर होतो. चीड-देवदार, खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड आणि रंगवलेले लाकूड तर कधीही वापरू नये.

सर्वांत जास्त शिकलो ते बोकडाच्या दस्तीवर, म्हणजे पुढच्या पायाच्या खांद्यावर. आमच्यातील एक जण नोकरीनिमित्त काही वर्षे टेक्सासात राहून आला आहे. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक वंशाच्या खाटकांनी रुजवलेली रीत आजही दिसते, जिथे गाईच्या छातीच्या मांसाला फक्त मीठ आणि मिरी लावून ते ओकच्या लाकडावर रात्रभर शिजवतात. इथे मध्य प्रदेशात ते मांस नाही, आणि आपला बोकड त्या मानाने फारच कमी चरबीचा, त्यामुळे त्याने पद्धत घेतली, पण माप बदलले. रान, म्हणजे मागच्या पायाची मांडी, दिसायला भरदार असते, तरी लोक रानेच्या मागे का लागतात, हे मला आता समजत नाही. दस्तीत जोडऊती, म्हणजे कोलॅजन, भरपूर असते आणि संथ आचेवर तीच विरघळून जिलेटिन होते व मांसाला ओलावा देते.

दीड किलोच्या दस्तीला साधारण 22 ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून ती फ्रिजमध्ये उघडी ठेवायची, सकाळी जाडसर कुटलेली मिरी लावायची आणि थंडच जाळीवर चढवायची, कारण थंड आणि किंचित ओलसर पृष्ठभागावर धूर अधिक चांगला धरतो. पहिले दोन तास सगळे सुरळीत चालते. त्यानंतर आतील तापमान 65 ते 70 अंशांच्या आसपास येऊन थबकते आणि बराच वेळ काटा हलतच नाही. नवखा माणूस इथे हमखास घाबरतो आणि कोळसा वाढवतो. टेक्सासवाल्या मित्राने शांतपणे समजावले, की मांसातून पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होते, ती वाफ उष्णता घेऊन जाते, माठातले पाणी गार होते तसेच हे आहे. आच वाढवायची नाही. वरचा थर गडद तपकिरी झाला असेल, तर दोन चमचे तूप सोडून दस्ती फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायची. पुढे तापमान 92 ते 95 अंशांवर पोचले आणि सुरी लोण्यात गेल्यासारखी विनासायास आत गेली, की काढायची आणि गुंडाळलेलीच तासभर ठेवायची. चपटे हाड दोन बोटांत धरून ओढले तेव्हा ते मांसाचा कणही न घेता स्वच्छ बाहेर आले. कापल्यावर कडेने दिसलेली गुलाबी रेघ धुरातील वायूंमुळे येते, तिचा चवीशी संबंध नसतो, हेही त्याच दुपारी कळले.

कोंबडीबद्दल थोडक्यात : इथले खाटीक सवयीने चामडी काढूनच देतात, तेव्हा चामडीसकट हवी असल्यास आधी सांगून ठेवावे. ती मंद आचेवर चिवट होते, म्हणून 170 अंशांच्या वर शिजवावी आणि आतील तापमान 74 अंशांच्या खाली असताना काढू नये.

शाकाहारी घरांसाठी हा ग्रिल निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या मंडळींतील एका काकूंनी याच ग्रिलवर बाफले, म्हणजे आधी उकडून मग भाजायचे कणकेचे गोळे, केले. त्या वर्षानुवर्षे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाफले करत आल्या आहेत. राखेचा थर किती जाड झाला यावरून आच ओळखण्याची त्यांची नजर आमच्यापैकी कोणाकडेही नाही. उकडून घेतलेले बाफले त्यांनी निखाऱ्यांपासून दूरच्या बाजूला मांडले, झाकण लावले आणि अधूनमधून फक्त त्यांची जागा बदलली. वरून खरपूस, आतून मऊ, आणि तुपात बुडवल्यावर आंब्याच्या लाकडाचा मंद वास. धुरावरची वांगी, टोमॅटो आणि अख्खा लसूणही आमच्या घरी आता नेहमीचा झाला आहे.

आता वस्तूच्या उणिवा. झाकणातील थर्मामीटरवर विसंबू नये. तो वर घुमटात बसवलेला आहे आणि अन्न खाली जाळीवर असते, त्यामुळे दोन्हीकडचे तापमान बरेच वेगळे असू शकते. टोचून मोजायचा डिजिटल थर्मामीटर वेगळा घ्यावाच, आणि तो आधी तपासून पाहावा : बर्फाच्या पाण्यात 0 आणि उकळत्या पाण्यात सुमारे 98 अंश. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने इथे पाणी 100 अंशांच्या थोडे आधीच उकळते. पाय हलके आहेत आणि मे महिन्याच्या वाऱ्यात ग्रिल डगमगतो, म्हणून आम्ही तो कठड्याच्या आडोशाला ठेवतो. राखेची ताटली पातळ पत्र्याची असून एका बाजूने वाकली आहे. विक्रेत्याकडे तक्रार केली, पण सुटा भाग मिळाला नाही. भांड्याच्या एनॅमलला मात्र एवढ्या वापरानंतरही टवका उडालेला नाही, आणि दहा हजारांच्या आतील वस्तूकडून मला तरी यापेक्षा अधिक अपेक्षा नव्हती.

कोळसा पेटवण्यासाठी रॉकेल वापरू नये, त्याचा वास अन्नाला लागतो. कोळसा पेटवण्याची पत्र्याची उभी, नळकांड्यासारखी चिमणी घ्यावी. तिच्यात खाली कागद आणि वर कोळसा ठेवला, की पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार होतात. बंद बाल्कनीत किंवा खोलीत ग्रिल चुकूनही लावू नये, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. राख झाकणाच्या डब्यात पूर्ण एक दिवस ठेवून मगच कचरागाडीत द्यावी, वरून विझलेली दिसणारी राख आत धुमसत असते.

पाऊस आता तोंडावर आला आहे. काकांच्या सांगण्यावरून जाळी घासून, कोरडी करून तिला शेंगदाण्याच्या तेलाचा पातळ हात दिला आहे, आणि दोन्ही झडपा उघड्या ठेवून ग्रिल जिन्याखाली हलवला आहे, म्हणजे आत दमट हवा कोंडून बुरशी धरणार नाही.