खाऱ्या पाण्याचा टँक, १४ महिने झाले : आधी काय घ्यायला हवं होतं आणि मी काय घेतलं

पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर समुद्री मासे आणि कोरलचा अडीच फुटी टँक आहे, साधारण १३० लिटरचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पाणी भरलं. बजेट आधीच ठरलेलं होतं आणि त्यातले निम्म्याहून जास्त पैसे मी पहिल्याच आठवड्यात दोन वस्तूंत घालवले, एक १६५ वॅटची एलईडी आणि एक सेकंडहँड स्किमर (फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपमध्ये काढणारं यंत्र). दोन्ही भारी दिसत होत्या, बास, एवढंच कारण. पाणी कुठून आणायचं, मोजायचं कशाने, हा विचारच नाही केला, म्हणलं घरात आरओ आहे की.

तिथेच घोळ झाला. आपल्या किचनमधला आरओ पिण्यासाठी असतो, चव यावी म्हणून त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळतात नाहीतर मिनरल घालतात, आणि हे मला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) विकत घेतल्यावर कळलं. मीटर स्वस्त आहे हो, तो पहिल्या दिवशीच घ्यायचा. आमच्या प्युरिफायरचं पाणी ६० च्या आसपास दाखवत होतं, कोरलच्या टँकला ० पाहिजे. त्यात भर म्हणजे लाईट मी फुल्ल लावून ठेवलेली, एप्रिलपर्यंत दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ असं वाढलं की टूथब्रश घेऊन रविवार जायचा. मग डीआय रेझिनवालं (उरलेसुरले क्षार शोषून घेणारं) वेगळं आरओ युनिट बसवलं आणि पाणी ० वर आलं. शेवाळ लगेच गेलं नाही, लाईटही कमी करावी लागली, पण दोनेक महिन्यांत आटोक्यात आलं. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर बाहेर जातं, ते बादलीत साठवून फरशी आणि गाडी धुवायला वापरतो, नाहीतर घरात ऐकून घ्यावं लागतं, आणि बरोबरच आहे ते.

दुसरी चूक हायड्रोमीटरची, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाची. तो काट्याचा प्लॅस्टिकवाला घेतला होता. त्याच्या काट्याला बारीक बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि खारटपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मला १.०२५ (पाण्याची घनता, त्यावरून खारटपणा कळतो) दिसत होतं, मी खूष, आणि झोआ (छोट्या फुलांसारखं दिसणारं मऊ कोरल) मात्र आठवडाभर मिटलेले. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारा) आणून बघितलं तर १.०२१! म्हणजे ३५ पीपीटी (एक किलो पाण्यात इतके ग्रॅम मीठ) पाहिजे तिथे जेमतेम २८. त्याच आठवड्यात स्वतःचा घेतला. आणि तो साध्या पाण्यावर शून्य करून सोडू नका, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशनचं पाणी मिळतं त्याच्यावर लावा, कारण आपल्याला मोजायचंय तिथेच तो अचूक हवा.

आता पुण्याचा उन्हाळा. एप्रिलमध्ये दुपारी टँक ३१ वर गेला. चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, किंमत विचारली आणि फोन ठेवला. मग तपकीर गल्लीतून १२ व्होल्टचे दोन कॉम्प्युटरचे पंखे आणले, जुना अ‍ॅडाप्टर घरात होताच, पंखे पाण्यावर तिरपे लावले तर तीनेक डिग्री उतरलं. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून हे जमतं, बाष्पीभवन जोरात होतं, मुंबईच्या घामट हवेत एवढा फरक पडणार नाही. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. रोज पावणेदोन-दोन लिटर कमी व्हायचं. मे मध्ये सांगलीला लग्नाला चार दिवस गेलो, शेजारच्या काकूंना माशांना खायला टाकायला सांगितलं पण पाणी टाकायचं सांगायचंच राहिलं, परत आलो तर ३५ चं ३८ च्या जवळ झालेलं. मासे वाचले. एकदम गोडं पाणी ओतलं नाही, दोन दिवसांत थोडं थोडं करून खाली आणलं. दुसऱ्याच दिवशी उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ मागवला, सेन्सर, छोटा पंप आणि खाली पाण्याचा कॅन. माझ्या मते पंखा लावणार असाल तर हा पंख्याबरोबरच घ्या, नंतर नाही.

लाईट गेल्यावर काय, हा प्रश्न गुरुवारचा. मेंटेनन्सला दोन-तीन तास जाते कधीकधी. तेव्हा हीटर, दिवे बंद राहिले तरी चालतं पण पाणी हलत राहिलं पाहिजे, नाहीतर ऑक्सिजन कमी होतो. वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) डीसी आहे, १०-१५ वॅट खातो, तो घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकलाय. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप तरी ठेवा. आणि वायर बोर्डाच्या खालून वळसा देऊन वर न्या, पाणी ओघळलं तर सॉकेटमध्ये जात नाही. आमच्या बोर्डावर मिठाचे पापुद्रे आले होते, आई म्हणाली मीठ सांडू नये म्हणतात आणि तू पोत्याने आणतोस.

स्किमर शेवटी विकला, निम्म्या किमतीत. वाईट नव्हता. पण दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि दर आठवड्याला १३ लिटर पाणी बदलणं, एवढ्यावर नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी साठतं ते) आटोक्यात आहे, स्किमरच्या कपमध्ये काही जमायचंच नाही. जास्त मासे ठेवणार असाल तर वेगळं गणित. लाईटही अर्ध्याच ताकदीवर चालते, निळी ५० टक्के, पांढरी २०, म्हणजे हिच्या निम्म्या वॅटची पण चालली असती, माझ्याकडे फक्त झोआ, मश्रूम आणि लेदर ही सॉफ्ट, म्हणजे मऊ कोरल आहेत.

दगड कोरडा घेतला, माशांची घाण पचवणारे बाटलीतले बॅक्टेरिया टाकले, अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी, ती शून्यावर यायला पाच आठवडे लागले, मग मासे. त्या दिवसांत अमोनियाची किट लागतेच, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या किट सॉफ्ट कोरलला घेतल्या नसत्या तरी चाललं असतं. कोणी समुद्रावरून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ (जिवंत जीव चिकटलेला दगड) स्वस्तात देतो म्हणाला तर लांब राहा, कठीण सांगाड्याचे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आणि झोआ हाताळताना ग्लोव्हज घाला, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, गंमत नाही ती.

हीटर १०० वॅटचा, डिसेंबर-जानेवारीत रात्री लागतो, बाकी वर्षभर नुसता लटकलेला असतो.

चिलर अजून घेतला नाहीये. परवा दुपारी टँक २८.४ होता, दोन्ही पंखे चालू, झोआ उघडे. मे मध्ये सलग २९ च्या वर राहिला तर बघू.