परदेशी मीठ म्हणून खडे मीठ : रीफ टाकीच्या नावाखाली झालेली फसवणूक

कोल्हापुरात घरी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (समुद्री मासे आणि प्रवाळ म्हणजे कोरल ठेवायची टाकी) लावायचं मनात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. गोड्या पाण्यातले मासे आपल्याकडे घरोघरी असतात, पण समुद्री टाकीतलं कळणारी माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याचाच फायदा घेऊन एक जण 'सगळं मी करून देतो' म्हणत फिरतोय. नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो.

माझी टाकी तीन फुटी, साधारण 190 लिटरची. राजारामपुरीत घरी येऊन त्याने जागा बघितली. बोलणं इतकं अदबीचं की आईने त्याला जेवायलाच थांबवलं. मीठ, वाळू, बॅक्टेरियाची बाटली, क्लाउनफिश या समुद्री माशांची जोडी आणि एक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव), असं पॅकेज ठरलं. मीठ परदेशी, मोठ्या बादलीतून काढून पिशवीत भरून देतो म्हणाला. पिशवीवर ना लेबल, ना बॅच नंबर. 'दादा, चार दिवसांत मासे सोडू,' हे त्याचं पालुपद.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्याने रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) डोळ्याला लावून मला दाखवला, काटेकोर 35. पण ते यंत्र एकूण क्षारता सांगतं, क्षार कुठले ते त्याला कळत नाही. बाजारातलं खडे मीठ विरघळवलं तरी आकडा तोच येतो. मीठ कालवलेल्या बादलीच्या तळाला राखाडी गाळ बसला होता, तर म्हणे परदेशी मिठाला तो असतोच.

पुढे पुण्याच्या मित्राने कॅल्शियमचं टेस्ट किट पाठवलं, तेव्हा प्रकार उघडा पडला. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे 420 पीपीएम (दहा लाखांत 420 भाग) असतं. नळीत पाणी घेऊन पावडर टाकली की ते गुलाबी होतं, मग ते निळं होईपर्यंत द्रावणाचे थेंब मोजत टाकायचे. नीट पाण्याला बरेच थेंब लागतात. माझ्या नळीतलं पाणी सुरुवातीच्या थेंबांतच निळं झालं. खात्रीसाठी घरातलं खडे मीठ कालवून तीच चाचणी केली. दोन्ही नळ्या सारख्याच.

तोवर घाईने सोडलेले मासे मेले होते. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला सहसा चार ते सहा आठवडे जातात. समुद्री पाण्याचा सामू (पीएच) 8.1 ते 8.4, म्हणजे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी. क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते, ते बघवत नव्हतं. ॲनिमोनचा पिवळाधमक रंग तर रोज फिका होत गेला आणि खालून पांढराफटक जीव निघाला. शरीरातलं, अन्न पुरवणारं शेवाळ गमावलेल्या, उपाशी ॲनिमोनला रंगात बुडवून विकतात. निरोगी ॲनिमोन बऱ्याचदा तपकिरी असतो. अंगभर एकसारखा भडक पिवळा किंवा जांभळा दिसला की घेऊ नका.

पण सगळ्यात घातक चाल पुढे आहे. पैसे परत मागायला गेलो तेव्हा त्याने हुज्जत घातली नाही. उलट 'नुकसान भरून देतो' म्हणत कठीण प्रवाळाचा जिवंत तुकडा पुढे केला, फुकट. तो मी घेतला नाही. आपल्याकडे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला आहे तेच संरक्षण. ते विकणं गुन्हा, बाळगणंही गुन्हा. संभाजीनगरातल्या एका कॉलेजच्या पोराने असाच तुकडा घेतला होता. मिठाबद्दल तो बोलायला गेला तेव्हा उत्तर मिळालं, 'कर तक्रार, आधी तुझ्या टाकीत काय आहे ते सांग.' पोरगं गप्प बसलं. भरपाई म्हणून दिलेला तुकडा म्हणजे ग्राहकाच्या तोंडाला घातलेलं कुलूप आहे.

मीठ कंपनीच्या सीलबंद पॅकमध्येच घ्या, पक्कं बिल मागा, कॅल्शियम आणि अमोनियाचे किट स्वतःचे ठेवा. क्लाउनफिशचं प्रजनन आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच साधलंय, त्यामुळे हॅचरीतले (प्रजनन केंद्रात वाढवलेले) मासे मागायला संकोच करू नका. मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. प्रवाळ विकताना कुणी दिसलं तर वनविभागाला 1926 वर कळवता येतं.

त्याने आता नंबर बदललाय आणि इचलकरंजी, सांगलीकडे हेच पॅकेज नव्या नावाने विकतोय. बिनलेबलची मिठाची पिशवी आणि 'चार दिवसांत मासे', एवढं ऐकलं तरी तिकडच्या मंडळींनी व्यवहार तिथेच थांबवावा.