मॉर्मन पूर्वजाचा माग: घरातली जीवनकहाणी, ऑनलाइन वंशवृक्ष की त्या काळच्या नोंदी?

मॉर्मन हा एक ख्रिस्ती पंथ, त्याचे लोक 1847 पासून अमेरिकेतल्या युटात येऊन वसले. तिथल्या जुन्या घराण्यांत पूर्वजाची एखादी टंकलिखित जीवनकहाणी बहुधा असतेच. इंग्लंडहून आले, हातगाडी ओढत मैदानं पार केली, वाटेत मूल गेलं, सॉल्ट लेकला पोचले. तुम्ही अशा घराण्यातले असाल, किंवा तिथली सून-जावई म्हणून मुलांसाठी हा माग काढणार असाल, तर पहिला प्रश्न पडतो की वेळ आणि पैसा कुठे घालायचा. माझं मत आधीच सांगते: प्रवासाच्या काळातच झालेल्या नोंदी आधी बघा. बाकी सगळं त्यांच्याशी ताडून वाचा.

घरातल्या कहाण्यांचं मोल मी कमी लेखत नाही. 'डॉटर्स ऑफ युटा पायोनियर्स' ही संस्था 1901 पासून त्या जमवते आहे. लहानपणी दगावलेल्या बाळाचं नाव किंवा आजीने हिवाळ्यात काय रांधलं हे अनेकदा फक्त तिथेच सापडतं. पण त्या बऱ्याचदा नातवंडांनी, पन्नास-साठ वर्षांनी लिहिलेल्या असतात. हातगाडीचंच घ्या. 1856 ते 1860 मध्ये हातगाड्यांच्या दहाच तुकड्या निघाल्या आणि त्यांत सगळे मिळून सुमारे 3,000 लोक होते. 1847 पासून रेल्वे पोचेपर्यंत, म्हणजे 1869 पर्यंत, एकूण आले ते साठ-सत्तर हजार. बहुतेक जण बैलगाडीच्या तांड्यांतून आले. 1856 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुख्यतः वाटेतल्या वायोमिंगच्या बर्फात, विली आणि मार्टिन या म्होरक्यांच्या हातगाडी-तुकड्यांतली दोनशेहून अधिक माणसं गेली. मार्टिनच्या मागेपुढे हॉजेट आणि हंट यांचे बैलगाड्यांचे तांडेही त्याच थंडीत सापडले होते. तिथून वाचलेल्याची नातवंडं पुढे त्याला हातगाडीवाला म्हणू लागली, तर त्यात खोटेपणा नाही. तरी तपासायला हवंच.

त्यासाठी मॉर्मन चर्चच्या इतिहास विभागाचा ऑनलाइन बायोग्राफिकल डेटाबेस आहे. तो फुकट आहे आणि मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. नाव टाकलं की तुकडी, निघताना वय, निघाल्याची आणि पोचल्याची तारीख मिळते. खरा ठेवा त्यापुढे आहे: त्याच तुकडीतल्या इतरांच्या रोजनिश्या आणि पत्रं. तुमच्या पूर्वजाने आयुष्यात एक ओळ लिहिली नसेल, तरी त्या दिवशी नदी कुठे ओलांडली, बैल किती मेले, पीठ किती उरलं, हे शेजारच्या गाडीतल्याने लिहून ठेवलेलं असू शकतं.

कुटुंबाची जुळणी मात्र जनगणनेवरच करावी लागते आणि तिथे त्या काळच्या मॉर्मन बहुपत्नीत्वामुळे गुंता होतो. 1860 आणि 1870 च्या जनगणनेत नात्याचा रकानाच नाही. एका घरात चाळिशीचा पुरुष, अडतीस वर्षांची बाई, त्याच आडनावाची बावीस वर्षांची दुसरी, खाली पोरं. ही दुसरी पत्नी, मुलगी की बहीण? 1880 मध्ये नातं लिहायला लागले, पण तेव्हा दुसरी पत्नी वेगळ्या घरात कुटुंबप्रमुख म्हणून दिसू शकते. 1890 चे कागद आगीनंतर जवळजवळ सगळे नष्ट झाले. 1900 मध्ये प्रत्येक आईला किती मुलं झाली, त्यांतली किती हयात आहेत आणि लग्नाला किती वर्षं झाली, हे विचारलं आहे. मी आधी तोच कागद उघडते आणि तिथून मागे जाते. लग्नाचे सरकारी परवाने युटात 1887 पासून मिळू लागले. त्याआधीच्या लग्नांसाठी चर्चच्या नोंदी बघाव्या लागतात.

आता वंशवृक्षाच्या संकेतस्थळांत फॅमिलीसर्च की अँसेस्ट्री? फॅमिलीसर्च फुकट आहे, पण तिथला वंशवृक्ष सगळ्यांचा एकच, त्यामुळे तुम्ही आज दुरुस्त केलेली तारीख उद्या लांबचा चुलतभाऊ बदलू शकतो. म्हणून दुरुस्तीसोबत पुरावा जोडा. अँसेस्ट्रीला पैसे पडतात, झाड आपल्या एकट्याच्या हातात राहतं, शोधयंत्र चांगलं आहे आणि डीएनए चाचणीची सोय आहे. दोन बायकांच्या वंशजांचा छडा लावायचा असेल तर ती चाचणी खरोखर कामी येते. पण तिथे चूक एका झाडावरून शंभर झाडांवर उतरते, म्हणून तीच तारीख दहा ठिकाणी दिसली तरी तो पुरावा धरू नका. सॉल्ट लेक सिटीला जाणं होणार असेल तर वर्गणी भरूच नका. फॅमिलीसर्चच्या ग्रंथालयात अँसेस्ट्री फुकट वापरता येते.

समुद्रापलीकडे जायचं तर देशानुसार ठरवा. ब्रिटिश पूर्वजासाठी लिव्हरपूलहून सुटलेल्या जहाजांच्या याद्या आहेत. प्रवासखर्चासाठी चर्चच्या निधीतून उचल घेतलेल्यांची 1877 ची छापील यादीही बघा. आपल्या माणसावर किती कर्ज राहिलं होतं ते त्यात कळू शकतं. डॅनिश पूर्वज असेल तर आडनावावर विसंबू नका, कारण नील्सचा मुलगा नील्सन, त्याचा मुलगा पुन्हा वेगळा. तिथे गावाचं नाव आधी मिळवा. डेन्मार्कच्या चर्च-नोंदी ऑनलाइन फुकट आहेत. आणि घरच्या कहाणीत 'मुंबई' किंवा 'पूना' आलं तर ती लेखनिकाची चूक समजून ओलांडू नका. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक 1852 मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही त्याने काम केलं.